आर्ग्यूला मराठी शब्द

पेटी एस.टी.च्या टपावर टाकायची की आत घ्यायची यावरून माझ्या आईची आणि कंडक्टरची जुंपली, आणि माझं विलायतेला निघणं तेवढा वेळ थांबलं.

"मावशे, पेटी टपावर जाईल. आत मानसं बसवायची हायेत."

"मानसं काय, पिरंगुटाला उतरत्याल. माजी पेटी इलायतेला निगालीया!"

"मग इमानानं पाठवायची. आमच्या गाडीतनं कशाला?"

"आन की इमान हितं. टाकते त्यात."

गाडीतले लोक हसायला लागले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, पेटीची एक कडी धरून उभे होते आणि कुठल्या बाजूला जायचं याची वाट बघत होते. शेजारी माझी चुलती गंगूकाकी आईला जोर यावा म्हणून मधूनच "व्हय, व्हय" म्हणत होती. मी मात्र मान खाली घालून धरणाच्या पाण्याकडे बघत राहिले. मला लाज वाटत होती. नवी कोरी साडी, पायांत बूट, पिशवीत पासपोर्ट, आणि आई भर रस्त्यात पेटीवरून भांडतेय.

शेवटी पेटी आत आली. आई जिंकली होती. तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली. तिचा श्वास अजून खाली बसला नव्हता.

"आन तू? तू तरी बोल की गं कायतरी."

मी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "येते आई."

तेवढंच. तिने क्षणभर वाट बघितली, आणखी काहीतरी येईल म्हणून. मग गाडी सुटली.

हे मी लिहिते आहे ते तुमच्यापैकी जे मागे राहिले त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे दूर निघून गेले त्यांच्यासाठीही. मला बोलता येत नाही, लिहिता येतं. ते तसं का झालं, हे सांगायला मला एका इंग्रजी शब्दापासून सुरुवात करावी लागेल.

आप्पा मुळशी धरणाच्या कॅम्पवर स्टोअरमध्ये कामाला होते. घरची भाताची खाचरं आई आणि गंगूकाकी बघायच्या. कॅम्पवरच्या इंजिनिअरसाहेबांच्या बाईंनी मला एकदा पाहिलं, माझ्याशी दोन शब्द बोलल्या, आणि पुण्यातल्या एका मिशनच्या मुलींच्या शाळेत माझं नाव घालून दिलं. बोर्डिंग, युनिफॉर्म, सगळं इंग्रजीतून. गावातली दुसरी कुठलीच मुलगी अशी गेली नव्हती. मी नऊ वर्षांची होते. तोपर्यंत मी घरात सगळ्यांत जास्त तोंडाळ होते, असं आई सांगते. मला ते आठवत नाही.

शाळेत पहिल्या आठवड्यात मला तीनच गोष्टी कळायला लागल्या. येस, सॉरी, आणि डोन्टार्ग्यू. तिसरा शब्द सगळ्यांत जास्त ऐकू यायचा. जेवताना, रांगेत, अंघोळीच्या वेळी. माझी थाळी दुसरीने घेतली म्हणून मी तिच्याशी भांडायला लागले की मागून आवाज यायचा, "डोन्टार्ग्यू!" हा एकच शब्द आहे आणि त्याचा अर्थ "चूप" असा आहे, असं मी धरून चालले. बरेच महिने मी तसंच धरून चालले होते.

नाताळच्या सुट्टीत घरी आले तेव्हा शेळी खुंट्याभोवती ओढ घेत होती. मी तिला ओरडले, "डोन्टार्ग्यू!" शेळी खरंच थांबली. घरात कौतुकाला सीमा राहिली नाही. माझ्या पोटात इंग्रजी उतरलं याचा तो पहिला पुरावा होता. मग म्हशीलाही "डोन्टारगू", कोंबड्यांनाही "डोन्टारगू", आणि गंगूकाकीचा मधला मुलगा जेवताना भाकरी फेकायला लागला की त्यालाही तेच. आमच्या वाडीत तो शब्द गुरांना हाकायचा म्हणून रुळला. मी पुढे कित्येक सुट्ट्यांत तो ऐकला.

सुट्टीचे ते दिवस टहाळ तोडायचे असायचे. आमच्याकडे भाताचं रोप टाकायचं त्या जागेवर आधी झाडांच्या फांद्या, पाला आणि शेण पसरून उन्हाळ्यात जाळतात. त्याला राब म्हणतात. राबाला फांद्या लागतात, आणि फांद्यांवरून भांडण लागतं. आमच्या आणि गंगूकाकीच्या खाचराच्या मधल्या बांधावर एक ऐनाचं झाड होतं. बुंधा बांधावर, पण फांद्या दोन्हीकडे. कोणत्या फांद्या कुणाच्या हे दर वर्षी नव्याने ठरायचं, आणि ते भांडूनच ठरायचं. दोघी जावा पदर खोचून झाडाखाली उभ्या राहायच्या. एकीच्या हातात कोयता, दुसरीच्या हातात दोरी. वर फांदीवर कोणीतरी गडी बसलेला, आणि तो मुकाट खाली बघत असायचा, की निकाल लागला की तोडतो.

"ती फांदी माज्या बाजूला झुकलीया, दिसत न्हाई व्हय तुला?"

"वाऱ्यानं झुकलीया. वारा सरला की हिकडं येतीया."

"मग वारा सरंपातुर बस हितं."

"बसते की. तुज्यागत मला घाई न्हाई."

पुढच्या वर्षीच्या सुट्टीत असंच चाललं असताना आईला एकदम तो नवा शब्द आठवला. ती कोयता उगारून गंगूकाकीवर ओरडली, "डोन्टारगू!"

गंगूकाकी गप्प झाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शाले, ही मला काय म्हनली गं?"

तोपर्यंत मला शब्द नीट कळला होता. मी बांधावर बसून तो दोन तुकड्यांत फोडून सांगितला. डोन्ट म्हणजे नको. आर्ग्यू म्हणजे भांडणं. भांडू नको.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग आईने विचारलं, अगदी खरंखुरं, उत्तर हवं म्हणून, "भांडू नगं? मग बोलायचं काय?"

गंगूकाकीला हसू आवरेना. वरचा गडीही फांदी धरून हसायला लागला. फांदी त्या वर्षी अर्धी अर्धी झाली, आणि संध्याकाळी काकीकडून वालाची उसळ आली. नेहमी तसंच व्हायचं. भांडणानंतर काहीतरी वाटी भरून यायचंच.

आईचा तो प्रश्न मी शाळेत परत नेला. तिथे उलटं होतं. तिथे न भांडता कसं बोलायचं हेच तर शिकवत होते. पुढच्या एका वर्षी आमच्या मिसने आर्ग्यूच्या जवळचे शब्द फळ्यावर लिहिले आणि सांगितलं, सौम्यापासून तीव्रापर्यंत क्रम लावा. बिकर, स्क्वॉबल, रँगल, क्वॉरल, डिस्प्यूट. वर्गातल्या मुली पेन्सिली चावत होत्या. मला सोपं गेलं, कारण मला प्रत्येक शब्दाखाली माणसं दिसत होती. बिकर म्हणजे आप्पा आणि आई, सकाळी चहात गूळ जास्त झाला म्हणून चालते ती कुरबुर. स्क्वॉबल म्हणजे पाणवठ्यावरचा कालवा, ज्यात कोणाला काय म्हणायचं होतं ते कोणालाच शेवटी आठवत नाही. रँगल म्हणजे बांगड्या भरायला आलेल्या कासाराशी आईने घातलेली हुज्जत. डिस्प्यूट म्हणजे तंटा, जो गाव सोडून पौडाला कचेरीत जातो आणि मग माणसं एकमेकांच्या दारावरून जाणं टाळतात. क्वॉरल म्हणजे ऐनाखालचं भांडण. मला पैकीच्या पैकी मिळाले. मिस म्हणाल्या, हिला हे शब्द इतके चांगले कसे समजतात? आणि मी इतकी गप्प, की साऱ्या वर्गाला त्यात गंमत वाटली.

फक्त आर्ग्यू कुठेच बसेना. वाद घालणं म्हणावं तर वाद पुण्यातले लोक घालतात, बसून, मुद्दे काढून. आमच्याकडे कोणी वाद घालत नाही. तोंड वाजतं.

प्रत्येक सुट्टीत मी आणखी गप्प होऊन घरी येत गेले. मला कोणाचा राग नव्हता. उलट मी शहाण्यासारखी वागत होते. आईने काही सांगितलं की "बरं". काकीने टोमणा मारला की हसायचं. आप्पांनी विचारलं, "पुढं शिकायचं का?" की "तुम्ही म्हणाल तसं." मला वाटायचं, मी किती चांगली मुलगी! आणि आईला काय वाटत होतं, हे मला कळलं नाही. आमच्याकडे भांडण झालं तर काळजी नसते. काळजी असते ती अबोल्याची. अबोला धरला म्हणजे नातं मिटलं. मी माझ्या बाजूने सभ्यपणा करत होते आणि तिला तो वर्षानुवर्षं अबोला दिसत होता.

मॅट्रिक होऊन, पुढे थोडं शिकून झालं तेव्हा माझ्याच शाळेत लहान मुलींना शिकवायची जागा मला देऊ केली होती. मला ती हवी होती. खूप हवी होती. छोट्या बाकांचा वास मला आवडायचा. त्याच सुमाराला पुण्याचं एक स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, इंग्लंडमध्ये नोकरी, रजेवर आलेला, सभ्य, हळू बोलणारा. त्याला इंग्रजी येणारी, शांत मुलगी हवी होती. आप्पांनी विचारलं. मी मान खाली घातली. मान खाली घातली म्हणजे होकार, असं जगात सगळीकडेच धरतात.

आईने तसं धरलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही खाचरात तण काढत होतो. ती माझ्या पुढे एक ओळ होती. मागे न बघता म्हणाली, "तुला जायाचं हाय का न्हाई?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"आमी काय म्हनू? आमाला इंग्रजी येतंय व्हय?"

मी पुढच्या रोपाकडे सरकले.

"त्याची मान बगळ्यागत हाय."

मी हसले.

"समुद्रापल्याड जानार. आई मेली तरी तोंड दिसायचं न्हाई तुला. चालंल?"

मी तण उपटत राहिले.

"आमची लाज वाटतीया तुला. म्हनून पळतीस लांब."

हे तिला खरं वाटत नव्हतं. आता मला कळतं की ती एकामागून एक ठिणग्या टाकत होती, एखादी तरी पेटेल म्हणून. मी एकदा उसळून "न्हाई!" म्हटलं असतं, "खोटं बोलतीस!" म्हटलं असतं, तर पुढचं सगळं आपोआप बाहेर आलं असतं. शाळेतली जागा, छोटे बाक, सगळं. आमच्या घरात खरं असंच बाहेर यायचं. पण माझ्या अंगात शाळेची शिस्त बसली होती आणि ती हलेना.

आई उभी राहिली. हाताची माती झटकली. आवाज एकदम खाली आला होता. "परक्याशी मानूस भांडत न्हाई, शाले," ती म्हणाली, आणि पुढच्या खाचरात गेली.

लग्नात माझं नाव शालिनी झालं. हे लगेच परत गेले आणि मी मागून एकटी बोटीने गेले.

इंग्लंडच्या उत्तरेला एका गिरण्यांच्या गावात आम्ही मिसेस हार्ट नावाच्या बाईंच्या घरात वरचा मजला भाड्याने घेतला. तिथली शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती. दुकानात रांग शांत, बसमध्ये लोक शांत, शेजारचं कुत्रंही ठरलेल्या वेळी भुंकून गप्प. ज्या शाळेने मला घडवलं ती शाळा जणू पूर्ण गाव होऊन माझ्याभोवती उभी होती. मला तिथे रुळायला काहीच अडचण आली नाही, आणि म्हणूनच मला खूप एकटं वाटायचं. आपल्याकडून तिथे आलेल्या दुसऱ्या बायका भाषा येत नाही म्हणून रडायच्या. मला भाषा येत होती. पण तिच्यात म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. कोळसा आणायला तळघरात उतरायचं, भांडी घासायची, खिडकीतून समोरच्या गिरणीची चिमणी बघायची. हे सहाला यायचे. "कसा गेला दिवस?" "चांगला." मग रेडिओ.

मिसेस हार्ट एकदा लाल डोळ्यांनी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "मिस्टर हार्ट अँड आय हॅड वर्ड्स." आमच्यात शब्द झाले. मी सहज विचारलं, कोणते शब्द? त्या आधी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना कठडा धरून बसावं लागलं. शब्द होणं म्हणजे भांडण, हे मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. वर गेल्यावर मला वाटलं, खालच्या मजल्यावर शब्द आहेत. आमच्याकडे नाहीत.

आप्पांची पत्रं यायची. त्यांचं अक्षर सुंदर, मजकूर नेहमी तोच. सर्व खुशाल, पाऊस बरा, म्हैस व्याली, तुझी आई ठीक आहे. आईला लिहिता येत नाही. ती बाजूला बसून काय काय सांगत असेल आणि आप्पा त्यातलं तिखट वगळून "ठीक आहे" लिहीत असतील, हे मला दिसायचं.

मग मला दिवस गेले, आणि पत्रात एक नवी ओळ यायला लागली. "तुझी आई विचारते, कधी निघणार?" पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. आईने माझ्यासाठी खोली सारवून घेतली होती, गंगूकाकीने डिंक आणून ठेवला होता. माझं पोट वाढत होतं, आणि मला दिवसभर एकच दिसायचं, आईचे ते खरबरीत हात. इतकं काही मागावंसं वाटण्याची मला सवय नव्हती.

ह्यांनी एकदा सांगितलं, इथली हॉस्पिटलं चांगली आहेत, बोटीचा प्रवास लांबचा, आपण इथेच करू. "पटतंय ना?" मी मान हलवली.

एका रविवारी पुण्याचंच एक जोडपं जेवायला आलं. जेवताना हे म्हणाले, थोडं अभिमानाने, "आमच्याकडे आर्ग्युमेंट म्हणून होत नाही. हिच्याशी भांडायचं म्हटलं तरी जमणार नाही." आणि पुढे, "बाळंतपण इथेच करतोय. शालिनीलाही पटलंय." त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. हेवा नव्हता त्या नजरेत.

पाहुणे गेले. मी ताटं उचलत होते. ह्यांनी विचारलं, आमटी छान झाली होती, थोडी उरलीय का? आणि माझ्या तोंडून निघालं, "मला पटलं न्हाई."

"काय?"

"मला कुनी इचारलंच न्हाई."

"अगं, विचारलं की. तू मान हलवलीस."

"मान काय, बैल बी हलवतो!"

हे खुर्चीतून उठले. माझ्या तोंडी ही भाषा त्यांनी कधी ऐकली नव्हती. मीही किती वर्षांत ऐकली नव्हती. "तू असं कसं बोलतेस?"

"असंच बोलत्यात आमच्याकडं. पयलं बाळंतपन आईकडं हुतं. माजी आई वाट बगतीया, आन तुमी पाहुन्यांस्नी सांगून मोकळं!"

"ऐन पावसात येणार आहे बाळ. मुळशीत रस्ते बंद होतात. काही झालं तर पुण्याला कसं नेणार?"

"साऱ्या मुळशीच्या बाया तितंच बाळंत हुत्यात!"

"माझी ताई नाही झाली!"

हे ओरडले. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदा पाहिलं. मग ते खाली बसले आणि तुटक तुटक सांगत गेले. थोरली बहीण, आईच्या माहेरी बाळंतपणाला गेलेली. पूर आलेला ओढा, बैलगाडी, ओढा ओलांडायच्या आतच सगळं संपलं. हे गाडीत होते. अकरा वर्षांचे. सासरी भिंतीवर एका मुलीचा फोटो आहे, हार घातलेला, एवढंच मला माहीत होतं. मी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आमच्यात शब्दच झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी माझा शाळेतला शब्दकोश पेटीतून काढला. आर्ग्यूच्या खाली, वाद आणि भांडणाच्याही खाली, एक अर्थ बारीक अक्षरात होता. दाखवून देणे. आत काय आहे त्याची खूण असणे. इतकी वर्षं तो तिथेच होता.

मी इथेच राहायचं ठरवलं. या वेळी मला खरंच पटलं होतं, आणि त्याचं दुःख पटलं म्हणून कमी झालं नाही. ह्यांनी विचारलं, तार करूया का घरी? मी म्हणाले, "नाही. आईला मी सांगणार. माझ्या तोंडाने."

पुण्यात ह्यांच्या एका काकांचा दवाखाना आहे, तिथे फोन आहे. आप्पांना कळवून आईने तिथे यायचा दिवस ठरवला. मिसेस हार्टनी त्यांच्या दिवाणखान्याबाहेरचा फोन वापरू दिला. सकाळभर मी जिन्यात बसून होते. कॉल लागला तेव्हा आधी समुद्रासारखा आवाज, मग काकांचा, आणि मग एकदम आई, इतक्या जोरात की मी फोन कानापासून लांब धरला. तिला वाटत होतं, विलायतेपर्यंत पोचायचं तर ओरडायलाच हवं.

"कोन? शाले? मोट्यानं बोल!"

"आई, मी येत नाही."

"आं?"

"मी येत न्हाई! बाळंतपन हितंच करनार!"

आवाज जाऊन परत यायला वेळ लागत होता. त्या वेळात मला वाटलं, ती आता "बरं" म्हणेल. मी जशी म्हणायचे तशी.

"कोन म्हनतं?"

"मी म्हनते!"

"तू कोन म्हननारी? हितं खोली सारवून ठिवलीया, आन ही म्हननारी!"

"पावसात रस्ता बंद हुतो. पुन्याला कशी नेनार मला?"

"डोक्यावरनं नीन!"

"आन वाटंत काय झालं मग?"

"वाईट बोलू नगंस, सांगून ठिवते!"

"तू ऐकून तर घे!"

"मी काय ऐकू? तू ऐक! तित्तं कोन हाय तुला? गोऱ्या बाया चोळनार हायेत व्हय अंग?"

मागून गंगूकाकीचा आवाज आला, "अगं रागवू नगं तिला, पोटुशी हाय लेकरू."

आणि आईचा, फोनपासून तोंड वळवून, पण तितकाच स्पष्ट, "तू गप ऱ्हा. आमचं मायलेकीचं भांडन चाललंय. मधी पडू नगंस."

मी भिंतीला टेकले. पुढे तिने मला काय काय म्हटलं ते सगळं आठवत नाही. बेइमान म्हटलं, दगडाची म्हटलं. मीही उलट बोलले, जमेल तसं, अडखळत, अर्धं पुण्याचं अर्धं मुळशीचं. मध्येच ऑपरेटर बाई इंग्रजीत म्हणाल्या की वेळ संपत आली आहे. आई गरजली, "ही कोन सटवी मधीच?" मी "आई, पन माजं" एवढं म्हणाले, आणि लाइन गेली.

मिसेस हार्ट स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. वाईट बातमी का, त्यांनी विचारलं. मी नाकडोळे पुसले आणि म्हणाले, "नो. वी हॅड वर्ड्स."

त्यानंतर फोन झाला नाही. मुलगी झाली, तिकडे पाऊस सरला, इकडे बर्फ पडला, तिचा पहिला वाढदिवस गेला. आप्पांची पत्रं पुन्हा पहिल्यासारखी. सर्व खुशाल. जायचं पुढच्या वर्षी ठरतंय, त्याच्याही पुढच्या वर्षी ठरतंय. तुमच्यापैकी जे दूर गेलेत त्यांना हे सांगायला नको. मला माहेर आठवतं तेव्हा डोंगर आणि पाणी आठवत नाही. एक अर्धं राहिलेलं भांडण आठवतं, आणि जगात एक बाई आहे जिला अजून माझं उत्तर यायचं आहे हे आठवतं. इतकी माझी वाट दुसरं कोणी बघत नाही.

मुलगी झोपली की मी तिचे कपडे धुते, आणि धुता धुता बोलते. मोठ्याने. आईने दगडाची म्हटलं त्यावर मला काय म्हणायचं होतं, गोऱ्या बायांनी अंग खरंच चोळलं नाही हे, त्या खाचरात मला काय सांगायचं होतं ते. आणि तिची उत्तरंही मीच देते, कारण ती काय म्हणेल हे मला माहीत असतं.

परवा हे दारात येऊन उभे राहिले होते. कधीपासून ऐकत होते कोण जाणे.

"कोणाशी बोलतेयस?"

"आईशी. भांडतेय."

त्यांनी थोडा विचार केला. "कोण जिंकतंय?"

"आई," मी म्हणाले, आणि पिळलेलं दुपटं दोरीवर टाकलं.